मदत हवी आहे: बाईक बॅटरी चार्ज करत नाही, कॉइल बदलू का?

घाटकोपरकर: आर-आर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारं) नवीन टाकलं, बॅटरी नवीन टाकली, तरी आठ दिवसांत हॉर्न घोगरा, इंडिकेटर मेलेला. मेकॅनिक म्हणतो मॅग्नेट कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी) गेली. बदलू का? लवकर सांगा, उद्या गाडी गॅरेजला जातेय.

खटपट्या: कुठली गाडी, कुठलं साल? मल्टिमीटरवर आकडा काय?

घाटकोपरकर: हिरो होंडा स्प्लेंडर, २००३. एका किकमध्ये चालू होते, मग कॉइल कशी गेली असेल?

खटपट्या: किकचा इथं संबंध नाही. हिच्या सीडीआयला (प्लगला ठिणगी देणारा डबा) करंट वेगळ्या एक्सायटर कॉइलमधून येतो, बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. मीटर डीसी २० वर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास, रेस दिल्यावर १४ ते १४.५ हवं.

बुलेटप्रेमी: एवढं कशाला? कॉइलच्या पांढऱ्या वायरीपासून बॉडीला कंटिन्युइटी आली, म्हणजे मीटर वाजला, की कॉइल जळाली. विषय संपला.

खटपट्या: साफ चूक, आणि अशानेच चांगल्या कॉइली भंगारात जातात. तो नियम थ्री-फेजचा, म्हणजे तीन गुंडाळ्यांच्या कॉइलचा. स्प्लेंडरच्या कॉइलचं एक टोक अर्थच, म्हणजे बॉडीलाच जोडलेलं असतं, कंटिन्युइटी येणारच. आर-आरचा कपलर (वायरींचा जोड) काढा, मीटर एसीवर, पांढरी आणि हिरवी. रेसबरोबर व्होल्ट चढले नाहीत तरच कॉइलवर संशय घ्या.

चहाबाज: २००३ ची? आरसी रिन्यू केली का? पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी करावी लागते.

घाटकोपरकर: केली हो. चार्जिंगचं बोला! बंद १२.४, रेसवर १४.१. एलईडी हेडलाइट लावला की १२.१.

खटपट्या: एलईडी? हे आता सांगताय? सप्लाय कुठून घेतलाय?

घाटकोपरकर: डायरेक्ट बॅटरीवरून. मोबाइल चार्जरपण तिथूनच. त्यात काय?

खटपट्या: त्यातच सगळं. मूळ हेडलाइट पिवळ्या वायरीवर, एसीवर चालतो, बॅटरीवर त्याचा भार नसतो. चार्जिंगची बाजू हाफ-वेव्ह, म्हणजे एसीची अर्धीच लाट वापरणारी, हॉर्न-इंडिकेटर-ब्रेकलाइटपुरती. खरोखरचा तीस वॅटचा एलईडी अडीच अँपिअर ओढतो आणि बॅटरीच अडीच एएचची (अँपिअर-तास)! एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभं राहिलात की ती उपसली जाणारच. चार्जर चावी बंद असतानाही दहा मिलिअँपिअर खात असेल तर अडीचशे तासांत, म्हणजे साधारण दहा दिवसांत बॅटरी रिकामी.
पिवळ्या वायरीवर परत ३५/३५ चा हॅलोजन लावा. चार्जर चावीनंतरच्या काळ्या वायरीवर घ्या, मध्ये फ्यूज टाका.

बुलेटप्रेमी: किंवा फुल-वेव्ह करा. कॉइलचं अर्थ सोडवून वेगळी वायर बाहेर काढायची. कुर्ल्याला सीएसटी रोडवर सामान मिळेल.

खटपट्या: करा, पण मग आर-आरही फुल-वेव्हचाच लागेल, जुना चालणार नाही. शिवाय सगळे दिवे डीसीवर घ्यावे लागतील. एका हेडलाइटसाठी एवढा उपद्व्याप?

वाशीवाला: एलईडीच पिवळ्यावर टाकला तर?

खटपट्या: डीसीचा असेल तर आयडलवर फडफडेल आणि लवकर उडेल.

समुद्रकाठी: कपलर उघडाल तेव्हा हिरव्या वायरीची थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडीही बघा. इथल्या खाऱ्या हवेत हिरवी पूड धरते. पॉलिश पेपर मारा, वर व्हॅसलीन लावा.

घाटकोपरकर: अहो, कॉइल बदलायची की नाही?

खटपट्या: नाही. रेसवर १४.१ येतंय म्हणजे कॉइल ठीक आहे. बॅटरी बाहेर काढून पाव अँपिअरवर दहा-बारा तास चार्ज करा, गाडीवर ती पूर्ण भरणार नाही. आणि इंजिन चालू असताना तिची वायर काढू नका.

चहाबाज: पीयूसी आहे ना?