अनुभव धागा: डीएसएल मोडेमला वेगळा राउटर जोडताना झालेली फजिती (आणि जमलेलं काही)

धागाकर्ता

परवा कुणीतरी विचारलं, "मोडेममध्येच वायफाय आहे, मग त्याच्यापुढे आणखी एक राउटर कशाला?" उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट (म्हणजे डीएसएल) चालवणारे अजून आहेत, आणि कंपनीने दिलेल्या डब्याचं, म्हणजे मोडेमचं, वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही ही त्यांची तक्रारही जुनीच.

आधी माझं सांगतो. नवा राउटर आणला, मोडेमच्या लॅन (घराकडच्या) पोर्टातून केबल काढून राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टात खोचली. दिवे सगळे हिरवे, इंटरनेट शून्य. दोन तास मी राउटरचा पासवर्ड टाकत होतो आणि तो चुकीचा ठरत होता, कारण समोर पान मोडेमचं उघडत होतं! दोन्ही डब्यांचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१. राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि लगेच चालू झालं. म्हटलं, जिंकलो.

दोन महिन्यांनी बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा होता. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडला, तरी बाहेरून बंदच. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता पाहिला: १९२.१६८.१.३. म्हणजे राउटरला इंटरनेट थेट दिसतच नव्हतं, त्याला दिसत होता फक्त मोडेम. मोडेमही नॅट (घरातल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणं) करतोय, राउटरही करतोय. हेच ते डबल नॅट. मी दार उघडलं होतं ते आतलं, बाहेरचं तसंच बंद.

मग मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो, लॉगिन आणि नॅट राउटरच करतो. वॅनच्या पानावर पीपीपीओईच्या (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीच्या) जागी ब्रिज निवडायचं, व्हीपीआय आणि व्हीसीआय हे लाइनचे आकडे आहेत तसेच ठेवायचे (माझ्याकडे ०/३५ होते, तुमच्याकडे वेगळे असतील, आधी फोटो काढून ठेवा), मोडेमचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) आणि वायफाय बंद, आणि युजरनेम-पासवर्ड राउटरच्या पीपीपीओईत. इथेच घोडं अडलं. पासवर्ड मोडेममध्ये नुसते ठिपके, कागदावर कुठेच नाही, आणि ब्रिज केल्यामुळे शोधायला इंटरनेटही नाही. त्यामुळे आधी पासवर्ड हातात घ्या, मगच ब्रिजला हात लावा.

तुमचं काय झालं ते लिहा. फसलेलं आधी.

निवांतनळी

धागा वाचून जुनी जखम उघडली. माझ्याकडे पासवर्ड होता, ब्रिज झाला, राउटरमध्ये सगळं अचूक भरलं, तरी राउटर "ऑथेंटिकेशन फेल" म्हणत राहिला. मी पासवर्ड तीनदा बदलून घेतला, कंपनीचा माणूसही वैतागला. कारण वेगळंच निघालं. मोडेमने आधी केलेलं लॉगिन पलीकडच्या सर्व्हरवर अजून जिवंत होतं आणि एका वेळी एकच लॉगिन चालतं. मोडेम नीट 'डिस्कनेक्ट' न करता मी सरळ वीज काढली होती ना! दोन्ही डबे बंद करून वीस मिनिटं दुसरं काम केलं, आधी मोडेम लावला, त्याचा डीएसएलचा दिवा स्थिर झाल्यावर राउटर. पहिल्या झटक्यात लागलं.

खडखडीत

माझा किस्सा जरा लांब आहे, पण आठवडा खाल्लाय त्याने.

ब्रिज झाला, इंटरनेट आलं, वेग उत्तम. फक्त काही साइट उघडायच्या, काही अर्ध्यावर थिजायच्या. शोधयंत्र चालायचं. मेल यायची, पण अटॅचमेंट पाठवायला गेलं की पट्टी जागच्या जागी. घरातले म्हणायचे, "तुझ्या त्या नव्या डब्याने बिघडवलं." खरंच त्यानेच बिघडवलं होतं, पण दोष माझा. राउटरच्या वॅनमध्ये एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) नावाचा रकाना होता, आपोआप भरलेला आकडा १४९२. मी म्हटलं १५०० मोठा आहे, जास्त मिळत असेल तर घ्यावा.

इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या शीर्षकाला घेतं, उरतात १४९२. मी १५०० लिहिल्यावर राउटर बरणीपेक्षा मोठं झाकण लावत होता आणि मोठी पाकिटं वाटेत कुठेतरी टाकून दिली जात होती. छोटी जात होती, म्हणून सगळं "चालू" दिसायचं. खरं तर पाकीट मोठं झालं की तसा निरोप मागे यायला हवा, पण वाटेतल्या काही फायरवॉल तो निरोपच अडवतात. त्यामुळे पाठवणारा वाट बघत बसतो.

कसं पकडलं: विंडोजच्या पिंगमध्ये (चाचणीचं पाकीट पाठवून उत्तर येतं का बघायची आज्ञा) "तुकडे करू नका" हा पर्याय लावून आकार बदलत गेलो. १४७२ ला उत्तर नाही, १४६४ ला आलं. त्यात शीर्षकांचे २८ मिळवा, १४९२ होतात. रकान्यात परत १४९२ लिहिलं, शेजारी एमएसएस क्लॅम्पिंगचा (पाकिटं आधीच लहान ठेवायला लावणारा) पर्याय होता तोही लावला, आणि अटॅचमेंट सुटली. त्या दिवसापासून मी आपोआप भरलेल्या रकान्यांना हात लावत नाही.

एकतारी

खडखडीत, १५०० वर चालवायचं असेल तर तेही शक्य आहे, पण मोडेम, राउटर आणि कंपनीचा सर्व्हर तिघांनीही मोठी पाकिटं मानायला हवीत. माझ्याकडे तिसऱ्याने मानली नाहीत. आठ बाइटांसाठी इतका जीव काढू नये असं माझं प्रामाणिक मत.

अवांतर: बरणी-झाकण उलटं झालंय, पण समजलं.

सावळागोंधळ

मी ब्रिजच्या भानगडीत पडलेच नाही. मोडेमचं वायफाय दूर पोचत नाही एवढीच तक्रार होती, मग नवा राउटर नुसता वायफायचा खांब म्हणून वापरला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, केबल मोडेमच्या लॅनमधून राउटरच्याही लॅन पोर्टात घातली. वॅन पोर्ट रिकामा. नॅट एकच, मोडेमचं. प्रिंटर मोडेमला लागलेला आहे तो सगळ्यांना दिसतो, हे मला महत्त्वाचं होतं. आधी वॅन पोर्टात घातली होती तेव्हा राउटरवरच्या लॅपटॉपच्या यादीत प्रिंटर येतच नव्हता.

एक चूक केली होती: डीएचसीपी आधी बंद केलं आणि पत्ता नंतर बदलायचा ठेवला. मग राउटरचं पान उघडेना, रिसेटचं बटण दाबून पहिल्यापासून सगळं. क्रम लक्षात ठेवा, आधी पत्ता, मग डीएचसीपी.

जुनामुसाफिर

ब्रिज केल्यावर मोडेमच्या पानावर जाता येत नाही म्हणून घाबरलेल्यांसाठी. मोडेम मेलेला नसतो, फक्त पत्ते वाटणं बंद केलेलं असतं. लॅपटॉप सरळ केबलने मोडेमला लावला तर त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे कुणी काही दिलं नाही. हाताने १९२.१६८.१.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, पान उघडेल. तिथे लाइनचे आकडेही दिसतात, ते राउटर सांगू शकत नाही.

प्रश्नोपनिषद

मी वरच्या सगळ्यांच्या विरुद्ध. डबल नॅट तीन वर्षं चालवतोय, काहीही अडत नाही. ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल, सिनेमा सगळं व्यवस्थित. उगाच लोकांना घाबरवू नका.

धागाकर्ता

@प्रश्नोपनिषद, घाबरवत नाही हो. तुमच्यासारखं आतून बाहेर जाणारंच काम असेल तर डबल नॅटने खरंच काही बिघडत नाही. बाहेरून आत यायचं असेल, किंवा गेम "स्ट्रिक्ट नॅट" (बाहेरून जोडणी अडतेय) म्हणून रडायला लागला, तरच खटपट. आणि ब्रिजचा पर्याय कुलूपबंद असेल तर मोडेमच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच डब्याकडे वळवणारी सोय) राउटरचा पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा भागतं.

टिंबटिंब

डीएमझेडही केलं, ब्रिजही केलं, बाहेरून तरीही बंद. राउटरवरचा वॅनचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. हा खरा पत्ता ना?

जुनामुसाफिर

नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा कंपन्यांनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे आणखी एक नॅट कंपनीच्या दारात आहे, तुमच्या घरात नाही. कितीही पोर्ट उघडा. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागेल, किंवा व्हीपीएनचा (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जोडणीचा) आडमार्ग.

टिंबटिंब

दोन रविवार गेले की हो. वाचनखूण साठवली.

काडीपेटी

व्हीडीएसएलवाल्यांनी (डीएसएलचाच वेगवान प्रकार) व्हीलॅनचा (पाकिटांवर लावायच्या ओळखखुणेचा) आकडा विसरू नये. माझ्या मोडेमने तो आधी गुपचूप लावलेला होता, ब्रिज केल्यावर तो राउटरने लावायचा का मोडेमने, हे कुणालाच माहीत नव्हतं. दोघांनीही लावला की काहीच जात नाही. एकानेच लावायचा.

निवांतनळी

परत आलो, नवीन फजिती घेऊन. गेला महिनाभर राउटर दिवसातून चार-पाच वेळा तुटत होता आणि मी त्यालाच शिव्या देत होतो. काल मोडेमवर लॅपटॉप लावून बघितलं (जुनामुसाफिर, धन्यवाद) तर पीपीपीओई नाही, खालची डीएसएलची लाइनच तुटत होती. एसएनआर मार्जिन (गोंगाटावर सिग्नलची आघाडी, कमी म्हणजे वाईट) ९ डीबी दाखवत होतं आणि बघता बघता २ वर आलं, त्याच क्षणी आतल्या खोलीत फोन वाजत होता. त्या खोलीतला जुना एक्स्टेंशन फोन मी विसरूनच गेलो होतो, त्याला फिल्टरच नव्हता. फोनचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो आणि डीएसएल २५ च्या वर सुरू होतं, पण मध्ये फिल्टर नसेल तर दोघं एकमेकांच्या अंगावर पडतात. फिल्टर लावला. आज सकाळपासून एकदाही तुटलेलं नाही, आणि राउटरची माफी मागून झाली आहे.

सावळागोंधळ

सकाळपासून म्हणजे किती वेळ? माझाही एक फोन आहे जिन्याखाली.