प्रोटीनची घडी टिकते ती हायड्रोजन बाँडमुळे नाही, पाण्यामुळे. पटतंय का?

निवांत_नाना
लेकीच्या बारावीच्या क्लासच्या नोट्स चाळत होतो, त्यात एका ओळीत विषय उरकलाय, प्रोटीनचा आकार हायड्रोजन बाँडमुळे (हायड्रोजनमार्फत जुळणारी कमकुवत ओढ) टिकतो, बास. मला हे निम्मं उलटं वाटतं. अहो प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडांची साखळी, ती मोकळी असते तेव्हाही तिचे हायड्रोजन बाँड असतातच की, पाण्याशी. घडी पडताना ते तोडायचे आणि आपसात जोडायचे, म्हणजे या खिशातलं त्या खिशात. खरा फायदा वेगळाच. ल्युसिन, व्हॅलिन असली तेलकट अमिनो ॲसिडं उघड्यावर असली की आजूबाजूच्या पाण्याला अंग चोरून बसावं लागतं, ती आत दडली की पाणी मोकळं होतं. वॉल्टर कॉझमन या रसायनशास्त्रज्ञानं १९५९ सालीच हे मांडलंय. आणि काही प्रोटीनं तापवल्यावर उलगडतात तशी खूप गार केल्यावरही उलगडतात! बाँडच सगळं धरून असते तर गारठ्यात घडी आणखी आवळायला नको का? माझं मत: घडी पाणी घालतं, बाँड नुसती इस्त्री फिरवतो.

पिपेट_पाटील
इस्त्री झकास, पण नाना, "या खिशातलं त्या खिशात" हे मोजून बघितलंय लोकांनी. प्रोटीनमध्ये एकेक बदल करून आत दडलेला एक हायड्रोजन बाँड घालवला की सरासरी १ किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास स्थिरता जाते, आणि एक तेलकट कार्बन गट कमी केला तरी साधारण तेवढीच. मग इस्त्री कुठली? शिवाय तेलकटपणानं नुसता गोळा होईल, आकार नाही. साखळीचा कणा पाण्यातून आत गेला की त्याच्यातल्या प्रत्येक एनएच आणि सीओ गटाला हायड्रोजन बाँडचा जोडीदार लागतो, नाहीतर महागात पडतं, म्हणून तर हेलिक्स (मळसूत्री वेटोळं) आणि शीट (शेजारी शेजारी लागलेल्या पट्ट्या). लेकीच्या नोट्स अपुऱ्या आहेत, चूक नाहीत.

मद्रास_मेल
आणि आपले शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन कुठंयत या चर्चेत? मद्रास विद्यापीठात १९६३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की साखळीचा कणा वळायचे बहुतेक कोन शक्यच नाहीत, अणू अणूवर आदळतात. पाणी असो नाहीतर बाँड, आधी जागा हवी ना.

निवांत_नाना
@मद्रास_मेल मान्य, पण त्यानं घडी कशी पडू शकत नाही ते कळतं, का टिकते ते नाही.

चिकाचं_दूध
मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही पण एक सांगा. चीक वाफवला की खरवस होतो, सुरीनं वड्या पडतात. साधं दूध तासभर उकळा, आटेल, साय येईल, वडी काही धरणार नाही. दोन्ही त्याच म्हशीचं!

पिपेट_पाटील
@चिकाचं_दूध हा सगळ्यात चांगला प्रश्न. साध्या दुधातलं सुमारे ८० टक्के प्रोटीन केसिन, आणि केसिनला धड घडीच नाही, मग मोडणार काय? लिंबू पिळून त्याच्यावरचा विद्युतभार घालवला की गुठळ्या होतात. चिकात मात्र इम्युनोग्लोब्युलिन (रोगाशी लढणारी अँटिबॉडी) खच्चून भरलेलं असतं, नीट घडीची प्रोटीनं. तापली की घडी विस्कटते, आतला तेलकट भाग उघडा पडतो आणि मग एकमेकांना चिकटून जाळं, त्यात पाणी अडकतं.

निवांत_नाना
म्हणजे तेलकट भागच ना शेवटी 😄 आलात का माझ्या वळणावर?

पिपेट_पाटील
चिकटण्यापुरता आलो. घडीचं म्हणाल तर एकूण हिशोब बघा. एका बाजूला बाँड, तेलकटपणा सगळं मिळून शेकडो किलोकॅलरी, दुसऱ्या बाजूला साखळीची मोकळं राहायची ओढ जवळजवळ तेवढीच. वजाबाकी करून बऱ्याच प्रोटीनांकडे उरतात ५ ते १५. लाखोंची उलाढाल आणि गल्ल्यात वडापावचे पैसे. ते नेमके कुठल्या गिऱ्हाइकाचे, हे भांडण कसं मिटणार?

गंधक_गुरुजी
आणि डायसल्फाइड? गंधक-गंधक बाँड तर खरा कोव्हॅलंट, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा पक्का बाँड, तोच खिळा.

पिपेट_पाटील
गुरुजी, ॲन्फिन्सन या शास्त्रज्ञाचा प्रयोग. घडी आणि गंधकाच्या जोड्या दोन्ही मोडून बघितल्या. रायबोन्युक्लिएज या एन्झाइममध्ये ८ सिस्टीन (गंधकवालं अमिनो ॲसिड), जोड्या लागायचे १०५ प्रकार. घडी मोडणाऱ्या युरियात ठेवून जोडू दिलं तर कशाच्याही कशाशी जोड्या, काम जवळपास शून्य. युरिया आधी काढला तर साखळी स्वतःच घडी घालते आणि बरोबर त्याच ४ जोड्या लागतात. खिळा घडीनंतर येतो. लावल्यावर मात्र पक्का, आम्ही लॅबमध्ये हे एन्झाइम मुद्दाम उकळतो, सोबतचं डीएनएज (डीएनए कापणारं एन्झाइम) मरतं आणि हा पठ्ठ्या गार झाला की परत कामाला हजर.

चिकाचं_दूध
मग माझा खरवस फ्रिजमध्ये गार होऊन परत चीक का होत नाही?

निवांत_नाना
कारण तिथं गर्दी. उलगडलेल्या साखळ्या आपल्या आपल्यात घडी घालायच्या आत शेजारणीत गुंतल्या. @पिपेट_पाटील बाँडला इस्त्रीवरून बढती देतो, पण शिंपी पाणीच. गारठ्यात उलगडणाऱ्या प्रोटीनांचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाहीये.