पासवर्ड बरोबर, तरी वायफाय जोडलं जात नाही
पासवर्ड बरोबर टाकूनही डेस्कटॉप वायफायला जोडला जात नाही, म्हणून राउटरवर डब्ल्यूईपी (वायफायची जुनी सुरक्षा पद्धत) लावून बघू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. ते कुलूप २००१ सालीच फुटलं. आज ते काही मिनिटांत उघडतं. बरेचदा घोळ जुन्या यूएसबी अडॅप्टरचा (डेस्कटॉपला वायफाय देणाऱ्या छोट्या उपकरणाचा) असतो: राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर आणि अडॅप्टरला ते कळतच नाही. राउटरमध्ये तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ पद्धत आणि एईएस हे एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करण्याची रीत) निवडा, जुनं टीकेआयपी नको. मग कॉम्प्युटरवर सेव्ह असलेलं नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडा. ही पायरी हमखास राहून जाते आणि जुनीच सेटिंग वापरली जाते. माझं काम तेवढ्यानेच झालं. आणि हो, पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, तेव्हा किमान लागणाऱ्या आठ अक्षरांवर थांबू नका.