बिनपगारी इंटर्नशिपला "गुंतवणूक" म्हणणाऱ्यांसाठी

सायली, डोंबिवली
काल इथे एका दादांनी लिहिलं: "इकॉनॉमिक्सचं एमए झालं की सहा महिने जिनिव्हा नाहीतर नैरोबीला संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप करा. पैसे मिळत नाहीत म्हणून रडू नका, ती गुंतवणूक आहे." रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला पगार नाही. तिकीट, व्हिसा, विमा, राहणं, सगळं पदरचं. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक इंटर्न जिनिव्हात तंबूत राहत होता, त्याची जगभर बातमी झाली. माझी अशाच एका बिनपगारी जागेसाठी निवड झाली होती. बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले. व्हिसासाठी खात्यात शिल्लक दाखवायची होती. आईने पाटल्या आणून टेबलावर ठेवल्या, जुन्या पेपरात गुंडाळलेल्या. एकीची कड चेपलेली होती. मी त्या परत कपाटात ठेवल्या आणि येऊ शकत नाही असा मेल केला. चार ओळींच्या मेलला तीन दिवस लागले. आधी नोकरी करून पैसे साठवू म्हटलं, तर सचिवालयाच्या नियमात पदवीनंतर ठरावीक मुदतच मिळते.

जयंत, पार्ले
ती पोस्ट माझी. पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण तू एकच दार बघितलंस. जागतिक बँक इंटर्नला तासावर पैसे देते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्टायपेंड देते, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून सुरू केला. मी गेलो तेव्हा कर्ज काढलं होतं. निधीचा प्रस्ताव समोरचा माणूस कसा वाचतो, आधी कुठलं पान उघडतो, हे तिथे बसून कळलं. कलिन्याला विद्यापीठाच्या लायब्ररीत कळलं नसतं.

देवनारकर
तिकडे जाणाऱ्यांचं खूप झालं. इकडे येणाऱ्यांचं बोला.

मी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये वाढलो. एमयूटीपीत, म्हणजे मुंबईच्या रेल्वे-रस्ते प्रकल्पात, रुळांलगतची घरं गेली, तेव्हा आम्हाला इथे आणलं. त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. दर उन्हाळ्यात परदेशी पोरं प्रश्नावली घेऊन यायची. "पाणी किती वेळ येतं?" आईने चार वर्षं तेच उत्तर दिलं, पाणी तेवढंच येत राहिलं. एका मुलीबरोबर मी तीन आठवडे दुभाषा म्हणून फिरलो, पाच-पाच मजले चढून. रिपोर्टवर तिचं नाव. आभारातसुद्धा मी नाही. तिच्या सीव्हीवर आमची वस्ती 'फील्डवर्क' म्हणून आहे, माझ्या सीव्हीवर फक्त पत्ता म्हणून.

मृणाल, ठाणे
तुमच्यावर अन्याय झाला, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्या संस्थेत आलेल्या मुली मराठी शिकल्या, बायकांबरोबर रेशनच्या रांगेत उभ्या राहिल्या. आणि त्याच एमयूटीपीतल्या विस्थापितांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी पॅनलकडे, म्हणजे बँकेविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या यंत्रणेकडे, तक्रार नेली. २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखला. ती यंत्रणा आतून ओळखणारी आपली माणसं नकोत का?

देवनारकर
तक्रार इथल्या रहिवाशांनी केली, दुकानदारांनी केली. कागद गोळा करताना त्यांच्या चपला झिजल्या. इंटर्नचं नाव त्यात घुसवू नका, ताई.

मृणाल, ठाणे
मी घुसवलं नाही! नीट वाचा. यंत्रणा ओळखणं म्हटलं मी.

जयंत, पार्ले
धागा भरकटतोय. बाहेर गेल्याशिवाय नजर मोठी होत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले नसते तर?

सायली, डोंबिवली
हे उदाहरण तुम्ही द्यावं? बाबासाहेब कर्ज काढून नाही गेले त्या वेळी. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. सयाजीरावांनी पैसे मोजले म्हणून ते कोलंबियात पोचले. आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती परदेशी पदवीसाठी आहे, नुसत्या इंटर्नशिपसाठी नाही. मागायचं असेल तर ते मागू या. पोरांना रडू नका म्हणू नका.

कलिना, जुना विद्यार्थी
नजर मोठी व्हायला जिनिव्हाच कशाला? मागे पडलेल्या पोरांना वेगळं शिकवायचा बालसखीचा प्रयोग मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्यासाठी इथे आले, २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या पोरांना घेऊन बसणाऱ्या बालसख्या इथल्याच मुली होत्या. त्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला माहीत आहे?

देवनारकर
हेच म्हणतोय मी मघापासून.

जयंत, पार्ले
बरं. "रडू नका" आणि "गुंतवणूक" दोन्ही मागे घेतो. जायला हवं, हे मात्र मागे घेणार नाही. पैसे देणाऱ्या संस्था पोस्टमध्ये वर टाकतो. देवनारकर, दुभाषाचं नाव रिपोर्टवर हवं, हे मान्य. इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सायली, डोंबिवली
टाका. आणि जागतिक बँकेच्या इंटर्नशिपला शिकत असतानाच अर्ज करावा लागतो, हे ठळक लिहा. एमएच्या पोरींना आज कळू दे. मला कळलं तेव्हा निकाल लागून गेला होता.