कॉर्डोमा: पृष्ठरज्जू की मेरुरज्जू?

अनुवादिनी: कवटीच्या तळाशी होणाऱ्या कॉर्डोमावर रुग्णांसाठी पत्रक करते आहे. वर्षाला दर १० लाखांत साधारण एकाला होणारा आजार, त्यामुळे मराठीत तयार मजकूर मिळत नाही. मी 'पृष्ठरज्जूच्या उरलेल्या पेशींपासून होणारी गाठ' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'मेरुरज्जू' केलं. काय ठेवू?

पेशीवाचक: मेरुरज्जू अजिबात नको, तो मणक्यांच्या आतून जाणारा चेतासंस्थेचा भाग. पृष्ठरज्जू ही गर्भातली दांडी. तिच्याभोवती मणके घडतात आणि ती बहुतांशी विरते. तिचं वरचं टोक कवटीच्या तळातल्या क्लायव्हस या हाडापर्यंत पोचलेलं असतं, म्हणून ही गाठ तिथेही होते आणि खाली त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या तळच्या हाडातही. जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिरखोला १८५७ मध्ये ही कूर्चेची वाढ वाटली होती. पुढच्याच वर्षी म्यूलरने पृष्ठरज्जूकडे बोट दाखवलं. आज पॅथॉलॉजिस्ट ब्राक्युरी या प्रथिनाची तपासणी करतात. एमआरआयवर तसाच दिसणारा कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कॅन्सर) त्यातून वेगळा काढता येतो, कारण ब्राक्युरी हे पृष्ठरज्जूच्या पेशींचं प्रथिन आहे. शब्द बदलला की हा सगळा धागाच तुटतो.

जुनाजाणता: मला 'गाठ' खटकते. सुश्रुताने ग्रंथी वेगळी सांगितली, अर्बुद वेगळं: गोल, स्थिर, कमी दुखणारं, हळू वाढणारं, न पिकणारं. अर्बुदच लिहा.

रेवा: अर्बुद रुग्णाला कळणार नाही. माझ्या मावशीला एकाचे दोन दिसायला लागले. डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेवर दाब आला होता. 'गाठ आहे' म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न: साधी की कॅन्सरची? कोणीतरी 'हळू वाढते, साधीच' म्हणून गेलं. कॉर्डोमा हळू वाढला तरी घातकच. हाड पोखरतो, काढल्यावरही उलटतो. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झालं, मग प्रोटॉन किरण सुरू झाले, तेव्हा ती म्हणाली, "साधी होती ना गं?" पत्रकात हे आधी स्पष्ट लिहा.

जुनाजाणता: 'उलटतो' अगदी नेमका. पण दुर्बीण? ती दूरचं पाहणारी. इथे 'अंतर्दर्शी' हवं.

शब्दवेडा: दुर्बीण फारसी दूरबीनवरून आली हे खरं, पण 'दुर्बिणीचं ऑपरेशन' घरोघरी रुळलंय. अंतर्दर्शी म्हटलं तर लोक ज्योतिषी समजतील.

जुनाजाणता: रुळलं म्हणून बरोबर ठरत नाही.

अनुवादिनी: पत्रक छपाईला चाललंय. पृष्ठरज्जू ठेवते आहे, कंसात 'गर्भातली दांडी'. चालेल?

जुनाजाणता: चालेल, पण 'मेरुरज्जू तो' आणि 'पृष्ठरज्जू ही' असं दोन्ही कसं? संस्कृतात रज्जू स्त्रीलिंगी आहे.