मॅच २०२७: पाच लेटरं, चार जागा, एक अटेंडिंग गायब आणि सर म्हणतात ड्राफ्ट तूच लिहून आण

इंटर्न_संपली_एकदाची

सिनियर्सनो जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. यंदा पहिल्यांदाच अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या मॅचला (तिकडच्या पीजीच्या जागांचं वाटप) अप्लाय करतोय, न्यूरॉलॉजी मनापासून आणि इंटर्नल मेडिसिन (आयएम) बॅकअप. स्टेप (तिकडच्या लायसन्सच्या परीक्षा) वगैरे झालंय, पर्सनल स्टेटमेंट पण होत आलंय, घोडं अडलंय ते एलओआरपाशी, म्हणजे शिफारसपत्रांपाशी.

परिस्थिती अशी. अमेरिकेत आयएमची चार आठवड्यांची हँड्स-ऑन इलेक्टिव्ह केली होती, त्या मॅडमचं लेटर इरासमध्ये (अर्जाची ऑनलाइन सिस्टीम) अपलोड झालेलं दिसतंय, ते एक निवांत. दुसरे न्यूरोचे अटेंडिंग (तिकडचे सिनियर डॉक्टर), त्यांच्याकडे ऑब्झर्वरशिप केली (नुसतं बघायचं, पेशंटला हात नाही), जाताना स्वतःहून म्हणाले नक्की देतो, त्याला आता सात आठवडे झाले, दोन मेल टाकले, शून्य उत्तर. तिसरे आमचे कॉलेजचे मेडिसिनचे एचओडी, सर चांगले आहेत पण म्हणतात "ड्राफ्ट तू लिहून आण, मी सही करतो". चौथे एक फार मोठं नाव, त्यांच्या टीमबरोबर ऑनलाइन रिसर्च केला, खुद्द त्यांच्याशी बोलणं झालं असेल तीनदा, तेही झूमवर बारा जणांच्यात. आणि पाचवे मामांच्या ओळखीचे तिकडचे कार्डिओलॉजिस्ट, ज्यांच्याबरोबर मी एक दिवसही काम केलेलं नाही पण ते द्यायला तयार आहेत (मामा रोज विचारतात घेतलंस का म्हणून).

ऑगस्ट अर्धा संपला. न्यूरोवाल्यांचं आलं नाही तर अर्ज थांबवू का? लेटर वाचायचा हक्क सोडू का, म्हणजे वेव्ह करू का नको? एकच लेटर दोन्ही स्पेशालिटीला चालतं का? आणि सरांना काय सांगू??

पीजीवाय२_नाइट_फ्लोट

आधी शांत हो. अर्ज अजिबात थांबवायचा नाही. लेटर न येता पण अर्ज सबमिट होतो आणि नंतर आलं की जोडता येतं, फक्त त्या प्रोग्रामला जागा मोकळी पाहिजे, कारण एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चारच लेटरं लावता येतात. इरासमध्ये एंट्र्या तू कितीही कर, दहा कर, मर्यादा आहे ती लावण्यावर. गेल्या सीझनला सबमिट करणं ३ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं आणि प्रोग्रामना अर्ज दिसायला लागले २४ सप्टेंबरला, म्हणजे मधे तीन आठवडे मिळाले होते, यंदाच्या तारखा एएएमसीच्या (इरास चालवणारी संस्था) साइटवर बघून घे. प्रोग्रामनी फायली उघडायच्या दिवशी तुझी निदान तीन लेटरं आत पाहिजेत, कारण बऱ्याच प्रोग्रामना तीन लागतात आणि अर्धवट फाइल बाजूला पडते.

आता लोक कुठे फसतात ते ऐक. आलेलं लेटर लावून अर्ज गेला की ते त्या प्रोग्रामवरून काढता येत नाही. म्हणून घाबरून चारही जागा भरू नकोस. तीन लाव, चौथी न्यूरोवाल्यांसाठी रिकामी ठेव. त्यांचं ऑक्टोबरमध्ये आलं तरी लावता येईल, इंटरव्ह्यूची बोलावणी तोवर सगळी संपलेली नसतात.

त्यांना मेल करताना जुन्याच मेलच्या शेपटीला "जेंटल रिमाइंडर" चिकटवू नकोस, ते कोणी वाचत नाही. नवीन मेल, सब्जेक्टमध्येच तुझं नाव आणि तारीख, खाली दोन ओळीत तू कोण, कुठल्या महिन्यात होतास, कुठल्या पेशंटवर चर्चा झाली होती ते आणि लेटर रिक्वेस्ट फॉर्म परत जोड, ज्यावर लेटर आयडी असतो. निम्म्या वेळा त्यांनी लेटर लिहिलेलं असतं आणि तो फॉर्मच सापडत नसतो, माझ्या बाबतीत हेच झालेलं. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यांच्या कोऑर्डिनेटरला फोन कर, मेल नको, फोन. आणि तारीख खरी सांगायची नाही, दोन आठवडे आधीची सांगायची.

वेव्ह कर. डोळे झाकून कर. न केलेलं लेटर वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलंय.

दुसऱ्यांदा_मॅच_वाली

वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त माझा गाढवपणा सांगते म्हणजे तू करणार नाहीस. मी पण दोन स्पेशालिटींना अप्लाय केलं होतं, पीड्स (पीडियाट्रिक्स) आणि फॅमिली मेडिसिन. एका अटेंडिंगनी लेटर दिलं, मी खूश, दोन्हीकडे लावलं. वेव्ह केलेलं असल्यामुळे आत काय आहे ते आपल्याला दिसत नाहीच. (वेव्ह नाही केलं तरी मायइरासमध्ये उघडून वाचता येत नाही बरं का, हा अनेकांचा गैरसमज आहे.) पुढे एका फॅमिली मेडिसिनच्या इंटरव्ह्यूत समोरचा माणूस हसत म्हणाला, तुमच्या लेटरमध्ये तर लिहिलंय की ही मुलगी पीडियाट्रिक्ससाठीच जन्मलीय. मी काय बोलले मला आजही आठवत नाही. त्या वर्षी मॅच झाला नाही, त्याला कारणं बाकीही होती, पण तो इंटरव्ह्यू तिथेच संपला हे मला कळलं होतं.

तर एकाच माणसाकडून दोन्हीसाठी हवं असेल तर दोन वेगळ्या एंट्र्या कर, दोन वेगळे लेटर आयडी होतात, आणि त्यांना स्पष्ट सांग की एकात न्यूरो येऊ दे, दुसऱ्यात आयएम. एंट्री करताना स्पेशालिटी लिहायची एक जागा असते, ती भर. ती प्रोग्रामला दिसत नाही, तुझ्यासाठी असते आणि रिक्वेस्ट फॉर्मवर छापून येते, म्हणजे लिहिणाऱ्यालाही समजतं. तुझ्या आयएम मॅडमना विचार की लेटरमध्ये स्पेशालिटीचं नाव घेतलंय का. मजकूर मागू नकोस, एवढंच विचार. नसेल घेतलं तर दोन्हीकडे बिनधास्त लाव.

आणि कन्फर्म दाबायच्या आधी लिहिणाऱ्याच्या नावाचं स्पेलिंग आणि हुद्दा त्यांच्या हॉस्पिटलच्या पानावरून कॉपी कर, मनाने लिहू नकोस.

लेटर_लिहिणारा_काका

मी आता दुसऱ्या बाजूला बसतो, लेटरं लिहितोही आणि सिलेक्शनच्या वेळी ढिगाने वाचतोही. इंटर्नसाहेब, तुमच्या एचओडी सरांचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला म्हणून लिहितोय.

ड्राफ्ट लिहून देऊ नका. तुम्ही वेव्ह करताय म्हणजे सांगताय की हे पत्र मी बघणार नाही, आणि तेच पत्र रात्री बसून स्वतः टाइप करताय, याला दुसरं नाव नाही. नीतीचं राहू द्या बाजूला, तसं पत्र ओळखू येतं हो. पर्सनल स्टेटमेंटमध्ये जे शब्द तेच पत्रात, त्याच लांबीची वाक्यं, आणि उमेदवार स्वतःबद्दल लिहितो तेव्हा नेहमी मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर असंच लिहितो, कारण स्वतःची खरी गोष्ट कोणाला सांगता येत नाही. मला वाचताना हवी असते एक घटना. पहाटे पेशंट बिघडला तेव्हा या पोराने काय केलं, चुकला तेव्हा कबूल केलं का, नर्सशी कसा बोलतो. हे दोन परिच्छेदात आलं की बाकी सगळी विशेषणं वाया गेली तरी चालतात.

सरांना नाही म्हणायची गरजच नाही. असं म्हणा, "सर, ड्राफ्ट मी लिहिलेला नियमात बसत नाही, पण तुमचा वेळ जाऊ नये म्हणून सगळे मुद्दे काढून आणलेत." सोबत एका पानावर तुमच्या पोस्टिंगच्या तारखा, तुम्ही पाहिलेल्या चार केसेस ज्या सरांनाही आठवतील, तुमचा सीव्ही, आणि कशासाठी अप्लाय करताय ते. सरांना इंग्रजीत टाइप करायचा कंटाळा असेल तर ते बोलतील आणि डिपार्टमेंटमधलं कोणी टाइप करेल. लेटरहेड आणि सही विसरू देऊ नका.

अपलोडही सरांनीच करायचं, लेटर पोर्टलवर, त्यांच्या स्वतःच्या एएएमसी अकाउंटवरून. नाही जमलं तर त्यांनी नेमलेला माणूस करू शकतो, पण तो माणूस तुम्ही नाही! सरांचा पासवर्ड घेऊन स्वतः अपलोड करणारे मी पाहिलेत. उघडकीला आलं तर एएएमसी चौकशी करतं आणि ते प्रोग्रामना कळवलं जातं. शेजारी बसून अकाउंट उघडायला मदत करा, तेवढंच.

रिसर्च_इयर_चालू

मोठ्या नावाबद्दल माझं मत थोडं वेगळं पडेल. सगळे म्हणतात ओळखणाऱ्याचंच घ्या, मान्य, पण न्यूरोचं जग छोटं आहे, त्यांचं नाव ओळखणारे लोक प्रोग्राममध्ये बसलेले असतात. त्यांच्या टीममध्ये जो फेलो किंवा पोस्टडॉक रोज तुझ्याबरोबर काम करत होता त्याला विचार की तो मुद्दे लिहून सरांना देईल का आणि सर त्यात आपलं घालून सही करतील का. तू नाही, तो. तसं झालं तर ते लेटर सोनं आहे.

लेटर_लिहिणारा_काका

हे पटलं. पण ते तीन ओळींचं "अमुक माझ्या लॅबमध्ये होता आणि त्याने दिलेलं काम वेळेत केलं" असं आलं तर मोठ्या नावामुळेच जास्त टोचतं. विचारताना शब्द नीट वापरा, "लेटर द्याल का" नाही, "माझ्याबद्दल भक्कम लेटर देण्याइतकं तुम्हाला माझं काम माहीत आहे का" असं विचारा. मनात नसेल तर समोरचा तिथेच सुटका करून घेतो, तुमचीही सुटका होते. आणि मामांच्या कार्डिओलॉजिस्टना चहा पाजा, लेटर घेऊ नका.

इंटर्न_संपली_एकदाची

अपडेट द्यायला आलोय. कोऑर्डिनेटरला फोन केला रात्री जागून, तर कळलं अटेंडिंग दीड महिना रजेवर होते, परवाच जॉइन झाले!! रिक्वेस्ट फॉर्म परत पाठवला, तिने त्यांच्या टेबलावर प्रिंट ठेवते म्हणून सांगितलं. सरांना मुद्द्यांचं पान दिलं, आधी जरा कपाळाला आठ्या आल्या, मग वाचून म्हणाले "अरे तो मेनिन्जायटिसचा मुलगा, तो तूच होतास का", आणि बसून वीस मिनिटं स्वतः लिहीत होते. मला बाहेर पाठवलं.

आयएम मॅडम म्हणाल्या स्पेशालिटीचं नाव नाही घेतलेलं. म्हणजे मॅडम, सर, रिसर्चवाले हो म्हणाले तर ते, आणि चौथी जागा रिकामी. बरोबर ना? मामांना अजून सांगायचंय.

पीजीवाय२_नाइट_फ्लोट

बरोबर. फक्त रिसर्चवाल्यांनी फार वेळ लावला तर त्यांचं आणि न्यूरोवाल्यांचं यातलं जे आधी येईल ते तिसरं लाव. आयएमचे काही प्रोग्राम डिपार्टमेंट चेअरचं लेटर मागतात, तिथे एचओडी सरांचं चालतं का ते त्या त्या प्रोग्रामच्या साइटवर बघ, प्रत्येकाचं वेगळं असतं. एक्सेल करून ठेव, प्रोग्राम, लावलेली लेटरं, रिकामी जागा, नाहीतर शंभर प्रोग्राममध्ये तुलाच कळणार नाही कुठे काय लावलंयस. मामांचं तुझं तू बघ.