मदत हवी आहे: मूत्राशयाच्या बायोप्सीत सौम्य दिसणारे पुंजके, नेस्टेड कार्सिनोमा (पुंजक्यांच्या रूपात वाढणारा कर्करोग) म्हणावे का?

नमस्कार. मी पॅथॉलॉजीची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून दुर्बिणीतून काढलेल्या मूत्राशयाच्या तुकड्यांवर अडले आहे. रुग्ण साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत, लघवीतून वेदनेशिवाय रक्त जाण्याची तक्रार आहे, आणि ट्रायगोनजवळ (मूत्राशयाच्या तळाचा त्रिकोणी भाग) थोडा उंचवटा दिसल्याची सर्जनची नोंद आहे.

वरचा युरोथेलियम (मूत्राशयाचे आतले अस्तर) जवळजवळ नॉर्मल आहे. त्याखाली लॅमिना प्रोप्रियामध्ये (अस्तराखालच्या संयोजी ऊतीच्या थरात) मात्र लहान, गोल पेशीपुंजके दाटीवाटीने पसरलेले आहेत. काहींच्या मध्यभागी बारीक पोकळी आहे, केंद्रके लहान व एकसारखी आहेत आणि विभाजन पावणाऱ्या पेशी शोधाव्या लागतात. वरच्या भागापुरते पाहिले तर मी हे निःशंकपणे फॉन ब्रुन नेस्ट (अस्तराच्या पेशींचे निरुपद्रवी पुंजके) म्हणून सोडून दिले असते. परंतु खोल जाऊ तसे पुंजके एकमेकांना जोडले जातात, त्यांच्यातील अंतर विषम होते, तळाची कड सरळ न राहता वेडीवाकडी होते आणि तेथील मोजक्या पेशींची केंद्रके थोडी मोठी, ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातील गडद ठिपका) असलेली दिसतात. भोवतालच्या संयोजी ऊतीची प्रतिक्रिया नगण्य आहे. पुंजक्यांमध्ये स्नायूंचे काही बारीक तंतू आहेत, जे मला मस्क्युलॅरिस म्युकोसीचे (अस्तराखालच्या पातळ स्नायूथराचे) वाटतात. जाड स्नायुगठ्ठे, म्हणजे मस्क्युलॅरिस प्रोप्रिया हा मूत्राशयाचा मुख्य स्नायूथर, एकाही तुकड्यात नाहीत.

इम्युनोमध्ये (प्रतिपिंडांनी पेशींतील प्रथिने रंगवण्याच्या चाचणीत) गाटा-३ आणि पी-६३ हे युरोथेलियमकडे बोट दाखवणारे मार्कर पॉझिटिव्ह आहेत. पॅक्स-८ (मूत्रपिंडाच्या पेशींचा मार्कर) निगेटिव्ह असल्याने नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा (एक सौम्य वाढ) मागे पडतो. पॅरागँग्लिओमातही (न्यूरोएंडोक्राइन पेशींची गाठ) गाटा-३ पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून सिनॅप्टोफिजिन व क्रोमोग्रॅनिन हे अशा पेशींचे मार्कर लावले. दोन्ही निगेटिव्ह आले. केआय-६७ (पेशीविभाजनाचे प्रमाण दाखवणारा मार्कर) कमी आहे, पण त्यावर विसंबावे असे मला वाटत नाही.

एका तुकड्यात आणखी एक गोष्ट आहे. केंद्रक एका कडेला सरकलेल्या, सुट्या सुट्या पेशी तेथे विखुरलेल्या असून त्या सीडी-१३८ (प्लाझ्मा पेशींचा नेहमीचा मार्कर) पॉझिटिव्ह आहेत. त्या प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या सामान्य पेशी) म्हणून सोडाव्यात, की प्लाझ्मासायटॉइड कार्सिनोमाची (प्लाझ्मा पेशींसारख्या दिसणाऱ्या कर्करोगाची) शंका घ्यावी? आणि तुकड्यांची दिशाच (वरची-खालची बाजू) हरवलेली असताना तळाच्या कडेला किती वजन द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

सुट्या पेशींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर सुटेल. सीडी-१३८ येथे काहीच ठरवत नाही. युरोथेलियल कार्सिनोमाच्या पेशीही त्याला पॉझिटिव्ह येतात. त्या तुकड्यावर आधी किरॅटिन (अस्तराच्या पेशींतील प्रथिन) लावा. निगेटिव्ह आले, तर कापा व लॅम्डा (प्लाझ्मा पेशींच्या प्रतिपिंडांचे घटक) पाहून विषय संपवा. पॉझिटिव्ह आले, तर ई-कॅड्हेरिन (पेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिन) पाहा. प्लाझ्मासायटॉइड प्रकारात ते बनवणाऱ्या सीडीएच-१ जनुकातील बिघाडामुळे ते बहुधा नाहीसे झालेले असते, आणि त्याचमुळे पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत.

आता मूळ प्रश्न. तुम्ही जे वर्णन केले आहे, विशेषतः खोलवर मोठी होत जाणारी केंद्रके आणि अनियमित तळ, ते माझ्या मते नेस्टेड प्रकाराकडेच झुकते. फॉन ब्रुन नेस्टचा तळ बहुधा एका पातळीवर थांबतो व पुंजक्यांत समान अंतर असते. ट्रायगोन हे स्थान निर्णायक नाही, कारण दोन्ही गोष्टी तेथे आढळतात. टर्ट जनुकाच्या प्रमोटरचे (नियंत्रक भागाचे) म्यूटेशन नेस्टेड कार्सिनोमात बहुसंख्य वेळा सापडते, त्यामुळे चाचणी उपलब्ध असेल तर जरूर करा. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून निदान सोडू नका.

सर्वांत आधी ब्लॉकचे आणखी खोल काप घ्या आणि उरलेला ऊतक पूर्ण प्रोसेस करा, मग युरोलॉजिस्टशी बोला. जाड स्नायुगठ्ठ्यात पुंजके शिरलेले दिसले, तर सौम्यतेचा वादच उरत नाही. डेस्मिन या स्नायूच्या मार्करने स्नायू दिसेल, पण तो कोणत्या थराचा हे त्यावरून कळणार नाही. त्यासाठी गठ्ठ्यांची जाडी व मांडणीच पाहावी लागते.

अहवालात "नेस्टेड युरोथेलियल कार्सिनोमाची प्रबळ शंका, मस्क्युलॅरिस प्रोप्रिया नमुन्यात नाही, खोलवरची पुनर्बायोप्सी आवश्यक" असे स्पष्ट लिहा. निदान पक्के झाले, तर केंद्रके लहान आहेत म्हणून कमी श्रेणी देऊ नका. हा ट्यूमर दिसतो सौम्य, पण वागतो उच्च श्रेणीच्या आक्रमक कार्सिनोमासारखा, आणि अनेकदा सापडतो तेव्हाच तो स्नायूपर्यंत पोहोचलेला असतो.